उद्यमबागेतलं बिनपाटीचं गॅरेज आणि आमच्या स्विफ्टचे लोअर आर्म

आधी निकाल सांगते. काम उत्तम, पैसे रास्त, वेळेत नापास. बसायला जागा नाही, फोन उचलत नाहीत, पक्कं बिल मागितलं की डोकं खाजवतात. तरीही गाडीचं यापुढचं काम मी तिथंच करून घेणार आहे. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथं थांबलं तरी चालेल. ज्यांच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाखालून आवाज येऊ लागलाय त्यांनी मात्र पुढं वाचावं.

गाडी मारुती स्विफ्ट, डिझेल, २००८ ची, केए २२ पासिंग. १२४८ सीसीचं इंजिन अजून ठणठणीत आहे. पंधरा वर्षं भरल्यावर आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, तेव्हा तपासणीत इंजिनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दुखणं होतं खाली. मी राहते बेळगावात टिळकवाडीला आणि मी शिकवते ती शाळा जांबोटीच्या पुढं. म्हणजे पिरनवाडीला खानापूर रस्ता सोडायचा, नावगे, किणये करत जायचं. हाच रस्ता पुढं कणकुंबीवरून चोर्ला घाटात उतरतो, त्यामुळं गोव्याची सगळी वर्दळ याच्यावर. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, आणि जून ते सप्टेंबर ती एकटीच नव्हे तर अर्धा रस्ताही वाहतो. पाणी ओसरलं की उरतात ते खड्डे, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी रंग न मारलेले स्पीडब्रेकर. डिझेल स्विफ्टचं नाक पेट्रोलवालीपेक्षा जड. इतकी वर्षं हा मार पुढच्या दोन चाकांनी खाल्ला, तर काहीतरी झिजणारच.

लक्षणं नीट सांगते, कारण मेस्त्रीकडे जाऊन नुसतं "आवाज येतोय" म्हटलं की पुढचं सगळं त्याच्या मर्जीवर जातं. स्पीडब्रेकरवरून सावकाश उतरताना डावीकडून एकच जाड ठोका यायचा. खडखड अशी सलग नाही, एकच. सिग्नलला ब्रेक दाबून गाडी थांबली की थांबता थांबता परत एक ठोका. रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला तरी तोच. जोरात ब्रेक मारला तर गाडी किंचित डावीकडं ओढायची. स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना गाडी सरळ जायची खरी, पण दर थोड्या वेळानं हातानं समजूत काढावी लागायची. आणि डाव्या पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त घासलेली. ही आतली कड उभ्यानं दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून बघावी लागते. गाडी जुनी असेल तर महिन्यातून एकदा वाकायची सवय चांगली.

स्टाफरूममधलं एकमत असं की डिझेल गाडी आहे, आवाज करणारच. शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या मुलानं गाडी जागेवरच बॉनेटवरून दोनदा दाबली आणि आतून कागद आणला. दोन्ही पुढचे शॉकअब म्हणजे धक्के शोषणारे दांडे, त्यांचे वरचे माउंट, लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारे लोखंडी हात, लिंक रॉड म्हणजे वळणावर गाडी कलंडू न देणाऱ्या दांड्याच्या जोडकाड्या, शिवाय "स्टिअरिंग रॅक उघडल्यावर सांगू". आकडा बावीस हजारांच्या वर. गाडी कुणी चालवून बघितली नव्हती. मी विचारलं, "आवाज यातल्या नेमक्या कुठल्या पार्टचा आहे?" तर म्हणाला, "मॅडम, पूर्ण सेट बदला, टेन्शनच नको." मी वर्गात असं उत्तर ऐकून घेत नाही. कागद पर्समध्ये ठेवला आणि निघाले.

या गॅरेजचा पत्ता मिळाला आमच्या ह्यांच्या पुतण्याकडून. त्याचा उद्यमबागेत लेथ आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, उद्यमबाग म्हणजे बेळगावची औद्योगिक वसाहत, तिसऱ्या रेल्वे गेटापुढं खानापूर रस्त्याला. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने, सगळं इथं. लोखंड ओतणं, कातणं, दाबणं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. गॅरेज अशाच एका शेडमध्ये, आतल्या बाजूला. पाटी नाही. बेळगावात पाटी लावायची म्हणजे आधी कुठली भाषा वर आणि कुठली खाली हा प्रश्न येतो. मेस्त्रींनी तो पाटीच न लावून सोडवलाय. आत मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही एकाच वाक्यात चालतात.

मला पहिल्या पाच मिनिटांतच हे गॅरेज पटलं, त्याचं कारण असं. मेस्त्रींनी किल्ली मागितली नाही. स्वतः डाव्या सीटवर बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच चालवा. रोजचा पाय तुमचा." वसाहतीतल्या आतल्या रस्त्यावर गेलो. त्यांनी मला अगदी सावकाश चालवत ब्रेक मारायला लावला, मग रिव्हर्सला तेच. मग एका खड्ड्यातून फक्त डावं चाक, नंतर फक्त उजवं. मग उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि स्वतः उतरून बॉनेट उघडून शॉकअबच्या वरच्या टोकावर हात ठेवून उभे राहिले. माउंटचं बेअरिंग गेलं असेल तर स्टिअरिंग वळवताना तिथं हाताला झटका लागतो म्हणे. नाही लागला.

मग गाडी शेडमध्ये घेऊन पुढची बाजू जॅकवर उचलली. चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडं धरून हलवलं. आडवं धरून हललं तर टाय रॉडकडं, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याकडं बघायचं, उभं धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. आमचं उभं धरल्यावर हललं, थोडंच, पण खाली आवाज आला. नंतर त्यांनी लांब टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, आर्म आणि फ्रेमच्या मध्ये घातली आणि हलकेच दाबली. आर्म फ्रेमला धरणारा मागचा मोठा बुश, म्हणजे रबर भरलेलं कडं, रबरासकट एका बाजूला सरकला आणि परत आलाच नाही. "हात लावून बघा बाई. आवाज हितनं येऊलालाय." मी हात लावला. रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलाकारात सुटलं होतं, आत बोटाचं नख जाईल एवढी फट. उजवीकडचा एवढा वाईट नव्हता, पण भेगा होत्याच. डावी लिंक रॉड हातानं खुळखुळत होती.

"आणि शॉकअब?" मी कागद काढून दाखवला.

त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला. "शॉकअबला काय झालं नाय वो. कोरडा हाय, तेल कुठं हाय? उगं कशाला पैसे घालतासा?" शॉकअबच्या दांड्याभोवती तेलाचा ओघळ नव्हता, गाडी दाबून सोडली की एकदाच वर येऊन थांबत होती. रॅकचं तर त्यांनी नावही घेतलं नाही.

आता बुश म्हणजे काय, हे दोन ओळीत. लोअर आर्म हा चाकाला गाडीच्या फ्रेमशी खालून जोडणारा लोखंडी हात. आमच्या स्विफ्टमध्ये त्याचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, त्यावर चाक वळतं. आतल्या बाजूला दोन बुश, पुढचा लहान आणि मागचा मोठा. बुशमध्ये बाहेर एक लोखंडी कडं, आत एक लोखंडी नळी, आणि दोघांच्या मध्ये रबर, दोन्हीला घट्ट चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी फ्रेमला जखडते. चाक वर-खाली होतं तेव्हा काहीही घसरत नाही, रबर स्वतःच पिळलं जातं आणि परत सरळ होतं. म्हणून या बुशला ग्रीस लागत नाही. ब्रेक मारला की चाक मागं राहायला बघतं आणि गाडी पुढं जायला, तो सगळा ओढा या मागच्या मोठ्या बुशवर येतो. रबर सुटलेलं असेल तर आर्म आधी सरकतो आणि मग धडकतो. तोच तो ठोका. आणि आर्म सरकला की चाकाचा कोन बदलतो, म्हणून ब्रेकला ओढणं आणि टायरची ती आतली कड.

इथं जरा विषय सोडून बोलते. आमच्याकडं पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवर गाडीच्या पोटाला जळकं ऑईल किंवा डिझेल फवारून घ्यायची जुनी रीत आहे. गंज लागत नाही म्हणतात. पत्र्याला नसेल लागत, पण ते ऑईल बुशच्या रबरावर बसतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिकटलेल्या जागेतून सुटतं. "कुर्र कुर्र वाजतंय म्हणून बुशवर ऑईल सोडा" असं सांगणारे मेस्त्रीही आहेत. आवाज आठवडाभर जातो आणि बुश कायमचा. मेस्त्रींनी माझ्या जुन्या आर्मवरचा काळा थर पान्याच्या टोकानं खरवडून दाखवला आणि काही बोलले नाहीत. ही गाडी आधी ज्यांच्याकडं होती ते फवारणीचे मोठे भक्त होते.

पुढचा प्रश्न, काय बदलायचं. तीन वाटा होत्या. पहिली, आर्म तेच ठेवून फक्त बुश दाबून काढायचे आणि नवे दाबून घालायचे. उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेसची ददात नाही, पुतण्याच्या शेजारीच एक आहे. सगळ्यात स्वस्त वाट हीच. पण बुश घालताना त्याची दिशा सांभाळावी लागते. पुष्कळ गाड्यांच्या मोठ्या बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या असतात, त्या कुठल्या बाजूला याव्यात हे ठरलेलं असतं. फिरवून बसवला तर नवा बुशही जुन्यासारखा वागतो. शिवाय माझा बॉल जॉइंटही हलत होता, आणि कंपनीच्या पार्टमध्ये तो आर्मला बसवूनच येतो. दुसरी वाट, रबराऐवजी पॉलियुरेथेनचे, म्हणजे टणक प्लास्टिकसारखे बुश. पोरं ऑनलाइन मागवतात, रंगीत असतात. झिजत लवकर नाहीत, स्टिअरिंग टणक होतं, पण रस्त्याचा प्रत्येक खडा हातात येतो, आणि वेळोवेळी त्यांचं ठरावीक ग्रीस लावलं नाही तर ते किरकिरतात. रेस खेळणाऱ्याला ठीक. मला किणयेच्या पुढं कंबर सांभाळायची आहे. तिसरी वाट, बुश आणि बॉल जॉइंटसकट पूर्ण नवे आर्म, दोन्ही बाजूंचे. तीच घेतली. एकाच बाजूचा बदलला तर एक चाक घट्ट आणि एक सैल, गाडी ब्रेकला आता उलट्या दिशेला ओढणार.

पार्टच्या बाबतीत गॅरेजचा नियम सरळ आहे. तुम्ही आणा किंवा ते आणतील, खोका तुमच्यासमोर फुटणार. मी स्वतःच आणले. एका दुकानात अर्ध्या किमतीचा आर्म पुढं केला गेला. हातात घेतला तर वजनाला हलका, वेल्डिंगचे मणी वाकडेतिकडे, बॉल जॉइंटचं रबरी टोपण आत्ताच एका बाजूनं उचललेलं. तो परत ठेवला आणि कंपनीच्या काउंटरवरून घेतले. दोन्ही आर्म मिळून ४,६०० रुपये. लिंक रॉडची जोडी ९०० ला मिळाली.

मे महिन्याच्या सुट्टीत काम करायचं ठरवलं, पावसाआधी. आणि इथंच गॅरेजचा दुर्गुण सुरू होतो. "उद्या सकाळी या" म्हणाले त्या सकाळी शेडच्या तोंडाशी एक जीप आडवी उघडून ठेवलेली. दुसऱ्या वेळी मेस्त्री लग्नाला. फोन वाजत राहतो. मी घरी येऊन चिडले, पण जाऊन बघितल्यावर कळलं की उचलायला हात मोकळे नसतात, दोन्ही काळे असतात. तरी कुणीतरी एखादा पोरगा फोनला ठेवायला हरकत नाही. ज्यांना रोज गाडी लागते आणि दुसरी नाही, त्यांनी हे गणित आधी करून मग जावं.

एकदा हातात घेतल्यावर मात्र काम बघण्यासारखं. आदल्या संध्याकाळीच त्यांनी सगळ्या बोल्टांवर गंजाचा स्प्रे मारून ठेवला होता. खानापूर तालुक्याच्या पावसात चालणाऱ्या गाडीचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. घाई करणारा तिथं गॅस लावतो, आणि आजूबाजूचं रबर, तारा, सगळं भाजून निघतं. बॉल जॉइंटचा बोल्ट काढल्यावर त्यांनी खालून घण घातला नाही. जिथं तो दांडा चाकाच्या लोखंडात धरलेला असतो, तिथली चीर छिन्नीनं किंचित फाकवली आणि टॉमीनं आर्म खाली दाबला. सुटला. लगेच चाकाचा भाग तारेनं वर बांधला. मी विचारलं कशाला, तर हा भाग बाहेर लोंबकळला की एक्सल आतल्या जॉइंटमधून निसटू शकतो, आणि मग ग्रीस, जॉइंटवरचं रबरी टोपण, सगळंच काम वाढतं. मला त्यांची ही तार फार आवडली. बिलात न दिसणारी गोष्ट आहे.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, ते. नवे आर्म बसले, बोल्ट हातानं लागले. मदतनीस पोरगा, बैलहोंगलकडचा, मोठा पाना घेऊन पुढं झाला. "टाइट माडलि?"

"ब्याड! मदल केळग इळसु." आवळू नकोस, आधी खाली उतरव.

चाकं लावली, जॅक काढला, गाडी स्वतःच्या पायांवर पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, उभी केली, दोनदा पुढं-मागं ढकलून दाबून बसवली. मग मेस्त्री पिटमध्ये उतरले आणि खालून, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना, आर्मचे बोल्ट आवळले. कारण वर सांगितलंच आहे, बुशमधलं रबर पिळलं जातं. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं आणि आर्मही खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत आवळला तर रबर तीच आपली सरळ अवस्था मानतं. मग गाडी खाली आली की ते उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्यापुढं आणखी पिळलं जातं. नवा, अस्सल, कंपनीचा बुश वर्षाच्या आत फाटतो आणि माणूस पार्टला शिव्या देतो. चकचकीत दोन खांबी लिफ्ट असलेल्या ठिकाणी हे जास्त होतं, कारण तिथं गाडी हवेत, चाकं लोंबती आणि पाना हाताशी. खाली उतरवल्यावर तिच्या पोटाखाली शिरायला जागा नाही. मेस्त्रींचा जुनाट पिट इथं लिफ्टला भारी पडतो. कुठल्याही गॅरेजमध्ये काम द्यायच्या आधी हा एकच प्रश्न विचारा: बोल्ट कधी आवळणार? उत्तर "वरच" असेल तर नमस्कार करून निघा.

शेवटचा फेरा टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं मारला. तो पाना कपाटात, लुंगीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला असतो. पोराला हात लावायची परवानगी नाही. जुने आर्म पोत्यात घालून मला परत दिले, न मागता. जुने पार्ट परत मिळणं म्हणजे बदललेच की नाही या शंकेवर पडदा. ते मी विज्ञानाच्या तासाला शाळेत नेले. रबराचा पीळ पोरांना पुस्तकापेक्षा टॉमीनं लवकर समजला.

मजुरी १,५०० रुपये, त्यात दोन्ही आर्म आणि लिंक रॉड आले. हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या मागं लिहून मिळाला. पक्कं बिल हवं असेल, कुणाच्या ऑफिसात लावायचं असेल, तर इथं जाऊ नका. हमीचंही तसंच. "काय झालं तर घेऊन या" हीच हमी, लेखी काही नाही.

अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं मशीन त्यांच्याकडं नाही. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं, चाकाची जागाच नव्यानं ठरलेली असते. बाहेर एका टायरवाल्याकडं जावं लागलं, आणि जाताना मेस्त्रींनी एक वाक्य कानात घालून पाठवलं. ते कामाला आलं. मशीनवरच्या मुलानं आकडे बघून सांगितलं, "मॅडम, कॅम्बर पण आउट आहे, ते वेगळे पाचशे." कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल. मी विचारलं, "कॅम्बर करायला या गाडीत कुठला बोल्ट फिरवणार?" तो माझ्याकडं बघत राहिला. या स्विफ्टमध्ये पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन, जुळवता येतो, टाय रॉड फिरवून. कॅम्बर आणि कास्टर, म्हणजे चाकाच्या वळायच्या आसाचा पुढं-मागं कल, कंपनीनं ठरवलेले. ते मर्यादेबाहेर गेले असतील तर काहीतरी वाकलंय असा त्याचा अर्थ, आणि ते शोधायचं असतं. पडद्यावरचा कॅम्बर तर हिरव्या पट्टीत होता. मालक उठून आले, मुलाला दुसरीकडं पाठवलं आणि टो जुळवून ४०० रुपये घेतले. छापलेला कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही असलेला. स्टिअरिंग सरळ बांधून काम करताहेत ना, तेही बघा, नाहीतर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं राहतं.

सगळं मिळून ७,४०० रुपये. काचेच्या वर्कशॉपचा कागद अजून माझ्या पर्समध्येच आहे, कोणी विचारलं की दाखवते.

फरक लगेच कळला तो ब्रेकला. थांबताना येणारा ठोका गेला आणि गाडी सरळ थांबू लागली. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप मागं येऊ लागलं. पहिल्या काही दिवसांत ते थोडं जड वाटलं. नवं रबर आणि नवा बॉल जॉइंट, त्यात काही वावगं नाही, पुढं ते बसलं. मात्र परीक्षा होती पावसाळ्याची, म्हणून मी तेव्हाच लिहिलं नाही. आता पाऊस संपत आलाय. जांबोटीचा रस्ता यंदाही जायचा तिथं गेला. कणकुंबीपर्यंत पाण्यानं भरलेले खड्डे, त्यांची खोली चाक आत गेल्यावरच कळते. चोर्ल्याच्या वळणांवरून गोव्याला दोन-तीनदा जाऊन आलो, गाडीत पाच माणसं आणि परतीला आंब्याऐवजी सुकी मासळी. पुढून आवाज नाही. मध्ये एकदा मेस्त्रींकडं जाऊन बोल्टांवर पाना फिरवून घेतला, काही सैल नव्हतं, पैसे घेतले नाहीत. टायरची आतली कडही जिथं होती तिथंच थांबली आहे, पुढं झिजली नाही.

उणं काढायचं तर मागून एक दबका आवाज आता ऐकू येतो. गाडी भरलेली असली आणि मागची दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली की. आधीही तो असणार, पुढच्या गोंगाटात हरवला होता. मागच्या ॲक्सलला दोन मोठे बुश आहेत, त्यांचं वय झालंय असं मेस्त्रींचं म्हणणं. त्यांना विचारलं की मेमध्येच का नाही सांगितलं, तर म्हणाले, "सांगितलोतो की बाई. तुमीच म्हटलासा, एवढ्यात नको." हे खरं आहे. एका महिन्यात घरातलं लग्न आणि ॲक्सल दोन्ही झेपत नाही. ते काम प्रेसशिवाय होत नाही, पण प्रेस शेजारीच आहे.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात जाऊ नका, गावाकडं निघालेल्या सगळ्यांच्या गाड्या तेव्हा तिथंच उभ्या असतात. दिवाळीच्या आधीही तसंच. सकाळी लवकर गेलात तर मेस्त्री स्वतः बघतात, दुपारनंतर पोरगा बघतो. पोरगा वाईट नाही, पण टॉर्क पान्याचं कपाट त्याला उघडत नाही. बसायला स्टूल एकच आणि त्यावर बहुतेक वेळा गिअरबॉक्स असतो, तेव्हा गाडी सोडून चहाला बाहेर पडलेलं बरं. सीटवर टाकायला घरची जुनी चादर न्या, ते कव्हर घालत नाहीत आणि माझ्या ड्रायव्हर सीटवर अजून एक काळा पंजा आहे. जुने आर्म ठेवायला पोतंही घरचंच न्या. माझं मागच्या ॲक्सलचं काम दसऱ्याच्या सुट्टीत ठरलंय. बुश आणून ठेवलेत, खोके फोडलेले नाहीत, फोन अजून उचललेला नाही.